शिवकांताचा हात

मुरुडमध्ये कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिका छापायच्या आधी शिवकांताला निरोप जायचा. येसर भाजायला ये म्हणून. आमच्याकडे लग्नाचं जेवण येसराच्या आमटीशिवाय होत नाही. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मग एकत्र दळायचं, एवढंच ते. ऐकायला सोपं आहे. पण धने जरा जास्त राहिले कढईत तर सगळ्या मांडवाची आमटी कडू होते, आणि व्याही मंडळी ते पुढची वीस वर्षं बोलून दाखवतात. शिवकांता कढईपुढे बसली की उलथणं कमी आणि हात जास्त चालवायची. तापलेल्या दाण्यांत सरळ बोटं घालायची, मूठभर उचलायची, तळव्यावर खेळवायची आणि म्हणायची, "उतरा आता." कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

मी तिची शेजारीण, उज्वला. आमची भिंतीला भिंत. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे मालक म्हणतात आणि ते खरंच आहे, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते.

तिचा नवरा रामलिंग शेतात वीज पडून गेला. लेक दीपमाला तेव्हा रांगत होती. तेव्हापासून शिवकांताचं लग्नघरातलं काम कढईपाशी संपायचं. येसर भाजून झालं की ते सुपात घालून पुढच्या अंगणात जायचं. तिथे जातं मांडलेलं असायचं, पाच सवाष्णी बसलेल्या असायच्या, जात्याला हळदकुंकू लागायचं, पहिली मूठ पडायची, आणि शिवकांता मागच्या दारी राख झाडत बसायची. तिने भाजलेलं सगळ्या पंगतीला चालायचं. जात्याला बोट लावायला मात्र ती चालायची नाही. मला त्याचा संताप यायचा. एकदा मी मांडवातच बोलणार होते, तर तिने माझं लुगडं ओढून मला खाली बसवलं.

"कढईला कळतंय का गं, मालक हाय का गेला ते?" ती हसून म्हणाली. "लोकायला तोंड हाय, बोलतेत. मी कामून मानू? वीज काय मला इचारून पडली व्हय?"

हे तिचं म्हणणं मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. ती बाई आपला हात वाईट आहे असं कधी मानत नव्हती. गाव मानायचं, सासू मानायची, सख्खी जाऊ मानायची, पण ती नाही. मागच्या दारी बसायची ती भांडण नको म्हणून.

दीपमाला मोठी झाली. लातूरला कॉलेज केलं, आणि देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात कामाला असलेल्या मुलाशी तिचं जमलं. लग्न वैशाखात धरायचं ठरलं. सुपारी फुटली त्याच दिवशी पोरीने आईला बजावलं, "पयली हळद तूच लावायची मला. दुसऱ्या कुणी हात लावला तर मी पाटावरून उठंन." शिवकांता "बगू, बगू" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. तिला लावायची होती. चहात तिने साखर दोनदा घातली, त्यावरूनच मी ओळखलं.

आता आमच्या उद्योगाचं सांगते. आमचा बचत गट होता, आम्ही अकरा जणी. अध्यक्ष तारामतीबाई, सगळे त्यांना ताराक्का म्हणतात. बाई धडाडीची, पण पुढारपणाची हौस अंमळ जास्त. त्यांनीच खटपट करून पत्र्याचं शेड मिळवलं, दळायचं मोठं मशीन आणलं, आणि आमचं येसर पुड्यांत भरून लातूरच्या दुकानांत जाऊ लागलं. भाजायला अर्थात शिवकांता. मग लातूरचा एक व्यापारी आला. तो म्हणाला, जर्मनीत आपली माणसं पुष्कळ आहेत, माल पाठवतो, पण तिकडच्या नियमांत बसला पाहिजे. आणि आता आपल्याकडचे नियमही बरेचसे त्याच मापाचे झाले आहेत, तेव्हा आज ना उद्या हे करावंच लागेल.

नियम शिकवायला त्याने मुबश्शिरा नावाची पोरगी पाठवली. नांदेडची. खाद्यपदार्थांचं शिक्षण घेतलेली, अंगाने काडी, पण आवाज तहसीलदाराचा. तिचं नाव घेताना आमच्या गटातल्या बायकांच्या जिभेला गाठी पडायच्या, म्हणून ती सगळ्यांची म्याडम झाली. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला रांगेत उभं केलं आणि म्हणाली, दळायच्या खोलीत दागिना नको. बांगडी नको, टिकली नको, गजरा नको, नखाला रंग नको. मंगळसूत्रही दाराबाहेर डब्यात काढून ठेवायचं. मणी तुटून मालात पडतो, टिकली गळते, काच पिचते. केसांना टोपी, तोंडाला फडकं, माल भरताना हातात निळे रबरी मोजे.

मोठं रामायण झालं. कुणी म्हणालं, मालक घरात घेणार नाहीत. कुणी म्हणालं, आम्ही काय चोर आहोत झडती द्यायला! ताराक्का तर ताडकन उभ्या राहिल्या.

"म्हंजी आमी समद्यांनी जित्या नवऱ्याच्या रांडव होऊन काम करायचं व्हय?"

शब्द तोंडातून गेला. शिवकांता तिथेच, माझ्या शेजारी बसली होती. कुणाला कुठे बघावं कळेना. मुबश्शिरा बिचारी कावरीबावरी झाली, तिला गावाची ही गाठ ठाऊकच नव्हती. तेवढ्यात शिवकांताच उठली आणि आपले दोन्ही मोकळे हात तिच्यापुढे धरले.

"म्याडम, मला काय काय काढाय सांगता सांगा. मी तर कवाचीच पास हाय."

आधी एक हसली, मग दुसरी, मग ताराक्कासुद्धा. एकेकीने बांगड्या उतरवल्या. काहींच्या निघेनात, त्यांना साबण लावून ओढाव्या लागल्या. माझ्याही मनगटाला खरचटलं. टोप्या घातल्या, फडकी बांधली आणि आम्ही त्या खोलीत शिरलो, तेव्हा एक गंमत झाली. कोण कोण आहे ते ओळखू येईना. अकरा टोप्या, अकरा मोकळी कपाळं, बावीस रिकामी मनगटं. सवाष्ण कोणती आणि विधवा कोणती, ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं.

शिवकांता त्या खोलीत फुलली. बाहेर ती रस्त्याच्या कडेने चालणारी बाई होती. आत मधोमध उभी राहायची, ताराक्काला सुद्धा "चाळणी नीट धरा की" म्हणून दटावायची. मुबश्शिराशी तिची विशेष गट्टी जमली. भाजताना मोजे घालायला तेवढी ती तयार नव्हती. "मोजे घालून पाय धुयाचे असतेत व्हय?" म्हणायची. शेवटी मुबश्शिराने तोड काढली. भाजणाऱ्याने हात घासून धुवायचे आणि मोकळ्या हाताने भाजायचं, पुढे माल भरताना मात्र मोजे. घालायच्या आधी मोज्यात फुंकर मारून तो फुगवायचा, कानाशी धरायचा, कुठे बारीक भोक असेल तर वारा कळतो. शिवकांता ते इतकं मन लावून करायची की आम्ही तिला चिडवायचो, जत्रेत फुगे विकायला बस म्हणून.

नमुने तपासायला गेले आणि पास होऊन आले. दसऱ्याच्या दिवशी जर्मनीचा पहिला माल काढायचा ठरलं.

त्या सुमाराला गावोगावी विधवांच्या प्रथा बंद करायचे ठराव होत होते. ताराक्का तालुक्याच्या कुठल्याशा सभेला जाऊन आल्या होत्या आणि त्यांच्या अंगात ते भिनलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मशीनची पूजा उद्या शिवकांता करंल. पयलं कुंकू तिचं."

मला इतका आनंद झाला की मी शिट्टी मारायचीच बाकी ठेवली. शिवकांता मात्र पांढरी पडली. नको म्हणाली, मला सवय न्हाई म्हणाली, जाऊबाई जीव खाईल म्हणाली. त्या संध्याकाळी दीपमालाने तिला पुढ्यात बसवलं. मी तिथेच होते.

"आई, उद्या तू मशीनला कुंकू लावलंस तर वैशाखात मला हळद लावायला तुला कोण आडवंल?"

शिवकांता कितीतरी वेळ जमिनीवर बोटाने रेघा मारत बसली. मग म्हणाली, "लावीन." दोन्ही गोष्टींना मिळून एकच उत्तर होतं ते.

दसऱ्याला मुबश्शिरा सुट्टीवर नांदेडला गेली होती. मशीन आम्ही आदल्या दिवशीच तिने शिकवलं तसं धुऊन पुसून ठेवलं होतं. झेंडूचं तोरण बांधलं, नारळ ठेवला. ताराक्कांनी आठवडी बाजारातून कुंकवाची नवी पुडी आणली होती, लालभडक. शिवकांता नवं इरकली लुगडं नेसून आली. ती पुडी तिने उघडली. बोट बुडवलं आणि ते तसंच हवेत राहिलं. वीस वर्षांत त्या बोटाला कुंकू लागलं नव्हतं. ताराक्का म्हणाल्या, "लाव गं, भिऊ नगंस." तिने मशीनच्या तोंडाला, जिथून माल ओततात तिथे, कुंकवाची पाच बोटं ओढली. मग उरलेली चिमूट वरून वाहिली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा चालल्या होत्या आणि तोंड हसत होतं. तिच्या मागून आम्ही दहाही जणींनी कुंकू वाहिलं. मी तर चांगलं मूठभर वाहिलं, म्हटलं, आज हात आखडता घ्यायचा नाही.

आता यात चूक कुठे झाली ते सांगते, म्हणजे कुणाला उगाच शोधत बसायला नको. पूजेचं कुंकू त्या दिवशी पुसायचं नसतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आईच्या दुधातून येतं ते. पुसलं की पूजा मोडली. दिवस मुहूर्ताचा, माल त्याच दिवशी काढायचा. शिवकांताने पहिली मूठ टाकली, मशीन घरघरलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. कुंकू दुसऱ्या दिवशी पुसलं, नेहमीसारखं.

थंडी पडली तेव्हा व्यापाऱ्याचा फोन आला. माल तिकडच्या बंदरावर अडकला होता. त्यात रंग सापडला होता. खाण्याचा नव्हे, कापड रंगवायचा, विषारी. थेंबाहून कमी, पण होता. तो रंग तिकडेही बंद आहे आणि आपल्याकडेही. सगळा माल तिकडेच जाळून टाकणार होते.

गावात बभ्रा व्हायला वेळ लागला नाही. गटाच्या बायका मिरचीत रंग घालतात, असं चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं. आमच्या मालकांना कुणीतरी तोंडावर विचारलं. लायसनवर गदा आली. चूक नेमकी कुठे झाली आणि पुढे काय काळजी घेणार ते लिहून दिल्याशिवाय माल बाहेर जाणार नव्हता. मुबश्शिरा हाय खाऊन आली. मिरच्या तपासल्या, हळद तपासली, धन्याची पोती उलटी केली, कशात काही नाही. मग ती बॅटरी घेऊन मशीनवर चढली आणि तोंडाशी पत्रा दुमडलेल्या खाचेत डोकं घालून बसली. खाली उतरली तेव्हा तिच्या बोटाच्या टोकाला लाल लागलं होतं.

तिने ते कुंकू तपासायला पाठवलं, आणि त्या पुडीतलं उरलेलंही. उत्तर आलं त्या दिवशी ती अक्षरशः नाचत शेडमध्ये आली.

"काकू, सापडलं! कुणी भेसळ केली नाही. मिरची चोख, सगळं चोख. स्वस्तातल्या कुंकवात तो रंग घालतात. पूजेचं कुंकू मशीनमध्ये पडलं, बस्स. आपण लिहून देऊ, पूजा खोलीबाहेर करू, लायसन वाचलं!"

पोरीला वाटलं, आता सगळ्या टाळ्या वाजवतील.  पण कुंकू हा शब्द ऐकला आणि एकेक टोपी वळली. सगळ्या शिवकांताकडे बघत होत्या.  ताराक्का खाली बघून पुड्या मोजायला लागल्या. ज्या बाईने तिला पूजेला बसवलं, पुडी विकत आणली, तिला त्या घटकेला पुड्याच मोजायच्या होत्या.

शिवकांताच्या तोंडाला फडकं होतं. डोळे तेवढे दिसत होते. ती तिथून हलली नाही, आणि कढईतले धने जळाल्याचा वास आला. त्या दिवशी पहिल्यांदा तिचे धने जळाले.

मग गाव बोललं. गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. "तरी म्हणलं," हा शब्द मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकला की अजून कानात घुमतो. तरी म्हणलं, विधवेच्या हातनं मुहूर्त कामून! तरी म्हणलं, नव्या जमान्याचं थेर अंगलट येणार. ताराक्काच्या सासूबाई मळवट भरून ओट्यावर बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, हात दाखवून अवलक्षण केलं आमच्या सुनंनं. मी त्यांना म्हणाले, "कुंकू तर मीबी वाहिलं की मूठभर. माझा नवरा चांगला धडधाकट हाय, खोकत बसलाय बगा घरात." तर म्हणाल्या, "पयलं कुणाचं व्हतं?"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे तरी म्हणावं की नाही? पण इथे तर कावळाही बसला नव्हता. फांदी पुडीतच मोडून आली होती. हे मला कळत होतं, मुबश्शिराला कळत होतं. जिला कळायला हवं होतं तिला कळेना.

मुबश्शिरा लातूरहून खास तिच्यासाठी आली. ओसरीवर तिच्यासमोर बसून तिने तो तपासणीचा कागद उलगडला.

"काकू, हे बघा. रंग पुडीत होता. तुमच्या हातात नव्हता. कुणीही लावलं असतं तरी हेच झालं असतं."

"पुडी उघडली कुणी?" शिवकांताने विचारलं.

"तुम्ही उघडली, पण—"

"मग झालं तर."

"काकू, तुम्हीच म्हणायच्या ना, लोकांना तोंड आहे म्हणून?"

शिवकांताने तिच्या डोक्यावरून हात फिरवायला म्हणून हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

"म्हणायची बाई. गाव बोललं, मी मानलं न्हाई. सासू मरंस्तोवर बोलली, तिचंबी मानलं न्हाई. मला वाटायचं, ह्यांला काय कळतंय. आता सातासमुद्रापलीकडनं कागद आला. त्या लोकायला मी कोण, माझा मालक जित्ता का मेला, काय बी ठावं न्हाई. तरी त्यायला सापडलंच की. माणूस खोटं बोलंल. तपासायचं मशीन कामून खोटं बोलंल?"

मुबश्शिरा रडायला लागली. मी शिवकांताला बोलू नये ते बोलले, मूर्ख म्हणाले, गाढव म्हणाले.  तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता. वीस वर्षं गावाला जे जमलं नाही ते एका कागदाने केलं होतं, आणि त्या कागदात तिचं नावसुद्धा नव्हतं.

लायसन वाचलं. शेडच्या भिंतीवर नवा फलक लागला, पूजा आवाराबाहेर करावी म्हणून. पुढचा माल जर्मनीला गेला आणि सुखरूप उतरला. खरं तर यात आनंद मानायला हवा होता. पण त्या मालाला शिवकांताचा हात नव्हता, आणि बायकांनी तेही नोंदलं. ती कामावर यायची, पण खोलीत शिरायची नाही. बाहेर पत्र्याखाली मिरच्यांची देठं खुडायची. येसर कोण भाजत होतं म्हणाल तर मी. चव बरी होती. नुसतीच बरी होती, बाकी काही नाही.

वैशाख आला. दीपमालाचं लग्न मुरुडलाच होतं. शिवकांताने त्या मांडवासाठी येसर भाजलं, कुणी नको म्हणायच्या आत पहाटे उठून भाजलं, आणि नेहमीसारखी मागच्या दारी जाऊन बसली. पुढे जात्याची पूजा झाली. दीपमाला पाटावर बसली. पाच सवाष्णी हळदीची वाटी घेऊन पुढे झाल्या, त्यांत ताराक्काही होत्या. पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आई कुठाय?"

कुणी म्हणालं, येईल की. कुणी म्हणालं, मुहूर्त टळतोय. देवणीची पाव्हणी मंडळी एकमेकींकडे बघू लागली, पण खरं सांगते, त्यांच्यातली एकही वावगं बोलली नाही. नवऱ्यामुलाची आई तर म्हणाली, "बलवा की मग त्यायला. माय हाय." मुबश्शिरा लग्नाला आली होती, तिने माझा हात घट्ट धरला होता. दीपमाला ताडकन उठली, हळदीची वाटी उचलली आणि तशीच मागच्या दारी गेली. आम्ही सगळ्या तिच्या मागे.

शिवकांता चुलीपाशी बसली होती. पोर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि वाटी पुढे केली.

"लाव. तू लावीन म्हणलीस."

शिवकांताने वाटीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार आणि पोर मोडून पडणार. पण ती नाही म्हणाली नाही. तिने उठून हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, शेडमध्ये धुवायची तसे. मग कोनाड्यातून पिशवी काढली आणि पिशवीतून निळे रबरी मोजे काढले.  तिने एकेक मोजा तोंडाशी नेला, फुंकर मारून फुगवला, कानाशी धरला. कुठे भोक नाही ना याची खात्री केली. दोन्ही हातांत मोजे चढवले, मनगटापर्यंत ओढून घेतले.

"आई, काढ ते," दीपमाला म्हणाली. "आई, माझ्यासाठी काढ."

"तुझ्यासाठीच घातलेत, माय. हात लागाय नगं तुला."

आणि तिने हळद लावली. कपाळाला, गालांना, मग हातांना, मग पायांना. कढईपुढे करायची तेवढ्याच मन लावून. पोर हुंदके देत होती आणि हळद डोळ्यांतल्या पाण्याने ओघळत होती, ती शिवकांता परत परत सारखी करत होती. ताराक्का दाराला धरून मोठ्याने रडल्या. मुबश्शिराने तोंड फिरवलं. ते मोजे फुगवून बघायला तिनेच शिकवलं होतं.

हळद झाली. शिवकांताने मोजे उलटे करून काढले, गुंडाळी केली आणि चुलीत टाकली. रबर जळल्याचा वास मांडवभर गेला. मग ती आमटीला फोडणी द्यायला वळली.

आमच्याकडे लग्नाची हळद पक्की असते, लवकर निघत नाही. मांडव उठला, दीपमाला देवणीला गेली, तरी लग्नघरातल्या सगळ्या बायकांचे हात आठवडाभर पिवळे होते. शिवकांताचे तेवढे स्वच्छ होते.